‘पॉश’ म्हणू नका त्या कायद्याला

२०१३ साली आलेल्या एका चांगल्या कायद्याचं बारसं आपण भलतंच करून ठेवलंय. कामाच्या ठिकाणी बाईला होणारा लैंगिक छळ थांबवायचा हा कायदा, आणि त्याचं सरकारी मराठी नाव आहे ‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम’, एका दमात म्हणून बघा, धाप लागते. मग कुणीतरी इंग्रजीतून ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हरॅसमेंट’ची सोयीची चार अक्षरं उचलली आणि तो झाला ‘पॉश’. आता पॉश ट्रेनिंग, पॉश कमिटी, पॉश पॉलिसी, आणि एखाद्याची तक्रार झाली की ‘त्याच्यावर पॉश लागलंय’. मुंबईत पॉश म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं हे मी सांगायला नको. मलबार हिल, पाली हिल, लॉबीत सोफे असलेली आणि लिफ्ट दोन प्रकारची असलेली बिल्डिंग. माझं म्हणणं सरळ आहे, मराठीत बोलताना-लिहिताना तरी या कायद्याला हे नाव वापरू नये. तो शब्द आधीच कुणाचा तरी आहे, आणि ज्या बायकांना या कायद्याची सगळ्यात जास्त गरज त्या बायका पॉश लोकांच्या घरी भांडी घासायला जातात.

शब्द कुणाचा म्हणतेय तर आधी त्याची कुंडली बघू. मजेशीर आहे, आणि त्यात आपल्या मुंबईला उगाचच ओढलेलं आहे.

व्हॉट्सॲपवर ही गोष्ट तुम्ही एकदा तरी वाचली असणार. साहेबाच्या काळात विलायतेहून मुंबईला पी अँड ओ कंपनीच्या बोटी यायच्या, पूर्वेकडे येताना बोटीची डावी बाजू उत्तरेला म्हणजे सावलीला, परत जाताना उजवी बाजू सावलीला, आणि तेव्हा एसी-बिसी काही नाही, तांबड्या समुद्रात केबिनची नुसती भट्टी व्हायची, म्हणून पैसेवाले साहेब जादा पैसे मोजून येताना डावीकडची आणि जाताना उजवीकडची केबिन घ्यायचे. डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. त्याची आद्याक्षरं म्हणे तिकिटावर जांभळ्या शाईत छापलेली असायची, पी ओ एस एच. झाला पॉश!

गोष्ट झकास आहे यात वादच नाही. कंपनी खरी आहे, १८३७ पासूनची, ऊन तर खरंच आहे, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर त्या वाटेने बोटींची रांग लागली हेही खरं. नाही ते फक्त तिकीट. असं छापलेलं एकही तिकीट आजपर्यंत कुणाला मिळालेलं नाही. ही गोष्ट छापून आली तीच १९३५ मध्ये, आणि तोवर ‘पॉश’ हा शब्द वीसेक वर्षं लोकांच्या तोंडात मुरलेला होता. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची फॅशन मुळात विसाव्या शतकातली, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास जोर धरलेली, रडार वगैरे तेव्हाचेच. त्याआधीच्या शब्दाला कुणी आद्याक्षरं लावून दाखवली की समजावं बहुतेक थाप आहे. न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ ही त्यातलीच एक, न्यूज म्हणजे नुसतं नवं काहीतरी, बस. आपल्या शहराच्या नावाचीही अशीच गंमत आहे, पोर्तुगीजांनी ‘बोम बाइया’ म्हणजे चांगला उपसागर म्हटलं आणि त्याचं बॉम्बे झालं असं अजून छातीठोकपणे सांगतात, पण पोर्तुगीजमध्ये उपसागर स्त्रीलिंगी आहे, त्याला ‘बोम’ नाही ‘बोआ’ लागेल, आणि इकडे मुंबादेवी स्वतः बसलेली असताना पोर्तुगीज व्याकरण मोडायला जायचं कशाला.

मग पॉश आला कुठून? ऑक्सफर्डचा कोश व्युत्पत्ती अनिश्चित म्हणतो, पण धागे आहेत. छानछोकी या अर्थाने हा शब्द छापलेला सापडतो तो १९१४ मध्ये, ब्रिटिश घोडदळातल्या शिपायांबद्दल लिहिताना. पलटणीकडून मिळणारे नियमातले कपडे सगळ्यांना सारखेच, त्यापलीकडे शिपाई स्वतःच्या खिशातून जे भारी कपडे शिवून घ्यायचा, मिरवायला घालायचा, ते ‘पॉश’. हा अर्थ जरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्याआधी १८९० च्या सुमाराला हाच शब्द नटव्या, छैलछबिल्या माणसासाठी वापरायचे, आणि त्याच्याही मागे, एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोर-भामट्यांच्या बोलीत पॉश म्हणजे पैसे, बारकं नाणं. ते कुठून आलं तर बहुतेक रोमानी भाषेतून, म्हणजे युरोपात भटकणाऱ्या रोमा लोकांच्या. इंग्लंडातल्या रोमानीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा, अर्ध्या पेनीला ते ‘पॉश-हौरी’ म्हणायचे. आता हे रोमा मूळचे आपल्याकडचेच, हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघालेले, अजून ते पाण्याला पानी आणि नाकाला नाकच म्हणतात. भाषाशास्त्रवाले या अर्ध्याचं नातं संस्कृत ‘पार्श्व’शी लावतात, म्हणजे बाजू, कूस. हिंदीतलं ‘पास’ तिथलंच आणि आपलं ‘माझ्यापाशी, देवापाशी’मधलं ‘पाशी’ही तिथलंच.

म्हणजे बघा, हा धागा धरला तर शब्दाचा भारताशी संबंध निघतोच, पण पहिल्या वर्गाच्या केबिनीतून नाही, तर ज्यांना युरोपात कुणी दारात उभं करत नव्हतं अशा भटक्यांच्या खिशातल्या अर्ध्या पेनीतून. फॉरवर्डमध्ये हे कुणी पाठवणार नाही. आपल्याला साहेबाची बोट आवडते.

इंग्लंडात हा शब्द आजही सरळ कौतुकाचा नाही. तिकडे कुणाला पॉश म्हटलं की त्यात ‘बापाच्या पैशावर महागड्या शाळेत शिकलेला, तोंडात गोटी ठेवून बोलणारा’ असा टोमणा असतो, आणि खरा पॉश माणूस स्वतःला पॉश म्हणवून घ्यायला बिचकतो. आपल्याकडे टोमणा गळून पडला आणि निव्वळ कौतुक उरलं. ‘काय पॉश घर केलंय रे’ म्हटल्यावर इथे कुणी रागावत नाही, चहा पाजतात. मराठी पेपरांनी तर याला जोडीला ‘उच्चभ्रू’ आणला, तो दुसराच विनोद. इंग्रजीतल्या ‘हायब्रो’चं शब्दशः भाषांतर, कपाळ उंच असलं की अक्कल जास्त अशा जुन्या समजुतीतून आलेला, मूळ अर्थ बुद्धिजीवी, अभिरुचीवाला. आपल्याकडे उच्चभ्रू सोसायटी म्हणजे जिथे पार्किंगला दोन गाड्या आणि गेटवर इंटरकॉम, आत पुस्तक एक नसलं तरी चालतं. ‘उच्चभ्रू वस्तीत घरफोडी’ ही हेडलाइन वाचून भुवया कुणाच्या वर जातात कुणास ठाऊक. असो. सांगायचं एवढंच की मुंबईच्या मराठीत पॉशला एकच अर्थ आहे आणि तो पक्का आहे, जे आपलं नाही ते. घोडदळातल्या शिपायाच्या वेळीही तोच होता, सगळ्यांना वाटतात त्यापलीकडचं.

आणि नेमका हा शब्द आपण लावला कशाला? तर सगळ्यांना सारखा मिळायला हवा अशा कायद्याला. गणवेशाला, छानछोकीच्या कोटाला नाही. जो शब्द आद्याक्षरांचा कधीच नव्हता, नुसती थाप होती, तो भारतात खरोखर आद्याक्षरांचा झाला आणि झाला तो असा.

या कायद्याचा जन्म कुठे झाला ते आठवलं की हे जास्तच खटकतं. राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचं गाव आहे, तिथल्या भंवरीदेवी, कुंभार समाजातल्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथीन’ म्हणून काम करायच्या. बालविवाह थांबवणं हे त्यांचं काम. गावातल्या वरच्या वजनदार घरातल्या एका तान्ह्या पोरीचं लग्न थांबवायला त्या गेल्या, आणि त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना त्या आरोपातून सोडलं. काम सरकारचं, कामामुळे ओढवलेलं संकट, आणि जबाबदारी मात्र कुणाचीच नाही. विशाखा आणि इतर काही संस्था १९९२ मध्येच सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, की बाबांनो, कामाच्या जागी बाईला संरक्षण देणारा कायदाच या देशात नाही. १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल आला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मांच्या त्या तीन जणांच्या बेंचवर सुजाता मनोहर होत्या, आपल्या मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. कोर्टाने नियम घालून दिले आणि संसद कायदा करत नाही तोवर हेच कायदा समजा म्हणून सांगितलं, आणि संसदेने सोळा वर्षं घेतली. गावोगाव पायी फिरणाऱ्या एका गरीब बाईच्या फाटलेल्या आयुष्यातून हा कायदा आलाय. त्याला पॉश!

आता मी स्वतः बघितलेलं सांगते. लोअर परळला जुन्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या बिल्डिंगीतलं ऑफिस, नाव नको. ट्रेनिंगच्या दिवशी हाउसकीपिंगच्या मावशींनी कॉन्फरन्स रूममध्ये खुर्च्या लावल्या, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, कुणी अडखळू नये म्हणून प्रोजेक्टरची वायर टेपने जमिनीला चिकटवली, आणि बाहेर निघाल्या. मी म्हटलं, मावशी बसा की, हे तुमच्यासाठी पण आहे. तर म्हणाल्या, “नको गं बाई, ते तुमचं पॉश-बिश. सुपरवायझर हुडकत येईल मला.” ट्रेनिंग इंग्रजीत झालं, मधे चार वाक्यं हिंदी. पँट्रीत फिल्टरच्या वर या कायद्याची फ्रेम लावलेली होती, कायद्यातच आहे की सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा, ती होती, इंग्रजीत, एवढ्या बारीक टायपात की मलाच चष्मा पुढेमागे करावा लागला.

कायदा मात्र मावशींना सोडून नाहीये. कायम, टेम्पररी, रोजंदारी, कंत्राटदारामार्फत आलेली, पगार न घेता काम करणारी, सगळ्या त्यात धरल्यात. घरकाम करणाऱ्या बायका तर नाव घेऊन धरल्यात, म्हणजे आपला टू-बीएचके हेसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘कामाचं ठिकाण’ आहे, हे किती घरमालकांना माहीत असेल देव जाणे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे मालकाने तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती नेमायची, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका, आणि एक सभासद बाहेरच्या संस्थेतला. नाही नेमली तर पन्नास हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाबद्दलच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुंबईत जिल्हे दोन, शहराचं कलेक्टर ऑफिस फोर्टात जुन्या कस्टम हाउसमध्ये आणि उपनगरचं बांद्रा ईस्टला. आता दादरच्या साडीच्या दुकानातली सेल्सगर्ल, कुर्ल्याच्या गाळ्यात पॅकिंग करणारी पोरगी, डॉक्टरच्या दवाखान्यात नंबर लावणारी ताई, तीन घरची पोळ्या-भाजी करणारी मावशी, यांच्यासाठी ही स्थानिक समिती आहे, आणि यातल्या कुणालाही विचारा पॉश म्हणजे काय. बरोबर उत्तर देतील. श्रीमंत.

इथे एक शंका हमखास येते, की बाई, प्रॉब्लेम पॉशचा नाही, इंग्रजीचा आहे, मराठी नाव दिलं की सुटलं. मला हे पटत नाही. इंग्रजी शब्द कामगारांच्या तोंडी बसत नाहीत असं कोण म्हणतं? गिरणीतल्या माणसाला पीएफ आणि ईएसआय काय हे कुठल्याही बाबूपेक्षा चांगलं कळायचं. ‘ॲट्रॉसिटी’ हा शब्द इंग्रजीच, १९८९ च्या कायद्याच्या नावातला, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात जा, ज्याला तो वापरायचाय त्यालाही कळतो आणि ज्याला त्याची भीती वाटायला हवी त्यालाही. आपली बेस्ट घ्या, ती तर नुसती आद्याक्षरं, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, पुढे ट्रामवेजचं ट्रान्सपोर्ट झालं, ट्राम गेल्या, तरी बेस्ट हे नाव राहिलं, आणि कुणाला वाटलं नाही की हे बेस्ट म्हणजे बेस्ट लोकांसाठी आहे, कारण बस रोज नाक्यावर येऊन उभी राहायची. रोहयो तर शुद्ध मराठी आद्याक्षरं, रोजगार हमी योजना, दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांनी तो शब्द आपलासा केला. तेव्हा इंग्रजी असो, आद्याक्षरं असोत, शब्द रिकामा असला की लोक त्यात आपला अर्थ भरतात. पॉश रिकामा नाही. त्यात आधीच फर्निचर भरलेलं आहे.

आणि दुसरा शब्द शोधायला कुठे लांब जायचंय? तो आपल्याकडे आहेच. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात, जिल्हा परिषदेच्या ऑफिसात जा, भिंतीवर पाटी दिसेल, ‘विशाखा समिती’. खाली बायकांची नावं, प्राध्यापिका, क्लार्क, बाहेरची एखादी वकील. शिक्षिका आपापसात बोलताना सरळ म्हणतात, विशाखाकडे जाऊ का आपण. हे नाव कुणी कमिटी बसवून ठरवलेलं नाही, १९९७ च्या निकालावरून आपसूक पडलंय. आणि मराठी कानाला ते बाईचं नाव वाटतं, नक्षत्राचं नाव वाटतं, बौद्ध घरात बुद्धाची उपासिका आठवते. यातलं काहीही पेडर रोडचं नाही. कॉर्पोरेट मुंबईने मात्र हे चालत आलेलं नाव बाजूला सारून पॉश धरला, कारण दिल्ली-बंगलोरच्या कन्सल्टंटचं पीपीटी तसंच आलं आणि एचआरने ते तसंच्या तसं फॉरवर्ड केलं. मराठी पेपरही मग ‘पॉश कायद्यांतर्गत गुन्हा’ असं छापायला लागले, ते मला जास्त लागतं, त्यांना तरी विशाखा माहीत होती.

काटेकोर लोक म्हणतील विशाखा हे निकालाचं नाव, कायद्याचं नाही, आणि कायद्यात शब्द ‘अंतर्गत समिती’ आहे. बरोबर आहे. पण कायद्यात ‘पॉश’ तरी कुठे आहे? टोपणनावच ठेवायचंय तर जन्माशी नातं असलेलं ठेवा की. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, नाव बदलून काय होणार, समित्याच नसतात त्याचं काय. २०२३ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने याच गोष्टीवर नाराजी व्यक्त केली, त्या निकालात एका पेपरच्या बातमीचा दाखला आहे, तीस राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी सोळांकडे धड अंतर्गत समितीच नव्हती. कुस्तीगीर मुली रस्त्यावर बसल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मान्य. पण समिती नसणं चालून जातं ते ‘कुठंय आमची समिती’ असं कुणी विचारत नाही म्हणून, आणि जी वस्तू आपली आहे हेच ठाऊक नाही ती कोण मागणार? मावशींनी मागायचं काय, पॉश? सुपरवायझर हसेल.

मला जे हवंय ते फार खर्चाचं नाही. ऑफिसातली फ्रेम मराठीत आणि हिंदीत, लांबून वाचता येईल अशी, वर ‘विशाखा समिती’, खाली समितीतल्या बाईचा चालू असलेला फोन नंबर. ट्रेनिंगला हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीन सगळे बसतील अशी वेळ, त्यांच्या पाळीत, कंत्राटदाराने पगार न कापता. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिफ्ट बंद आणि पाणी कपात यांच्यामध्ये एक कागद कायमचा, कामाला येणाऱ्या बायकांसाठी, त्यांच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता घालून. त्यावर दोन गोष्टी ठळक हव्यात, कारण त्या कुणी सांगतच नाही. एक, तक्रार घडल्यापासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दुसरी, लिहिता येत नसेल तर घाबरायचं कारण नाही, तक्रार लिहून द्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे, कायद्यातच तसं लिहिलंय.